पाऊस खरंच बदललाय का?

आमच्या मलकापुरात कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला विचारा, उत्तर ठरलेलं : "पाऊस काय आता पयल्यासारखा ऱ्हायला न्हाई." २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर तर सगळेच असं म्हणतात. पण हे खरं की नुसता भास? आपण पास होण्यापुरतं जे स्टॅटिस्टिक्स करतो, तेच इथे कामाला येतं.

पहिला प्रश्न : ट्रेंड आहे का? त्यासाठी मान-केंडॉल टेस्ट वापरतात. ३० वर्षांच्या पावसाच्या ४३५ जोड्या होतात. प्रत्येक जोडीत नंतरच्या वर्षी पाऊस जास्त असेल तर +१, कमी असेल तर -१. बेरीज शून्याच्या आसपास आली तर तो निव्वळ नॉइज. योगायोगाने येणार नाही इतकी मोठी आली तर ट्रेंड. एखाद्या महापुराच्या वर्षाने ही टेस्ट फसत नाही, कारण ती किती जास्त हे बघतच नाही.

दुसरी गंमत सरासरीची. पुण्याच्या आयआयटीएममधील बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मध्य भारताचा १९५१ ते २००० चा पाऊस तपासला. मोसमाच्या सरासरीत ठळक बदल नव्हता. पण अतिवृष्टीचे प्रसंग वाढले होते आणि मध्यम पावसाचे घटले होते. सह्याद्री त्या अभ्यासात नाही, म्हणून तो निष्कर्ष मलकापूरला सरळ चिकटवता येणार नाही. पद्धत मात्र घेता येईल.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड : हे माणसामुळेच कशावरून? क्लाउस हासेलमान यांनी यासाठी 'फिंगरप्रिंट' पद्धत दिली. २०२१ चं फिजिक्सचं नोबेल त्यांना विभागून मिळालं. प्रत्येक कारणाचा ठसा वेगळा असतो. सूर्य जास्त तापला असता तर वातावरणाचे खालचे-वरचे दोन्ही थर तापले असते. प्रत्यक्षात खालचा तापतोय आणि वरचा स्ट्रॅटोस्फिअर थंड होतोय. हा ठसा सूर्याचा नाही, आपल्या धुराड्यांचा आहे.

आता सिव्हिलवाल्यांनो, नीट ऐका! 'शंभर वर्षांचा पूर' म्हणजे दरवर्षी १ टक्का शक्यता. ५० वर्षं उभ्या राहणाऱ्या पुलाला तो गाठण्याची शक्यता सुमारे ४० टक्के. तीच वार्षिक शक्यता २ टक्के झाली तर हा आकडा ६४ वर जातो. जुन्या पावसाच्या आकड्यांवर उद्याचा पूल बांधायचा की नाही, हे आपल्यालाच ठरवायचंय. त्या पुलावरून एस.टी. आपल्याच गावची जाणार आहे.