हाडे जात सांगत नाहीत

पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या घरांच्या जमिनीखाली, मातीच्या कुंभांत पुरलेली बालके तेथे आढळली. दातांवरून व हाडांच्या लांबीवरून संशोधकांनी त्यांची वये ठरविली.

हाड निर्जीव नसते. पाली साहित्यातील शरीराच्या बत्तीस भागांत 'अट्ठि' म्हणजे हाड आणि 'अट्ठिमिञ्जं' म्हणजे मज्जा, यांची स्वतंत्र गणना आहे. हाडाला प्रथिनतंतूंमुळे चिवटपणा, तर कॅल्शियम-फॉस्फरसच्या क्षारांमुळे कठीणपणा येतो. मज्जेत रक्तपेशी निर्माण होतात.

नवजात बालकाची सुमारे तीनशे हाडे जुळत जाऊन प्रौढपणी २०६ उरतात. लांब हाडांच्या टोकांजवळची कूर्चा वाढते, म्हणून उंची वाढते. विशीच्या सुमारास ती वाढ थांबते. हाड मोडल्यास तेथे प्रथम रक्त गोठते, मग मऊ व पुढे कठीण जोड तयार होतो. चाळिशीनंतर झीज वाढू लागते. म्हणून दूध, तीळ, डाळी, ऊन आणि मैदानी खेळ यांतून हाडांची पुंजी आजच जमवावी.

'द अनटचेबल्स' (१९४८) या ग्रंथात बाबासाहेबांनी शरीरमापनाचे आकडे तपासून ब्राह्मण व अस्पृश्य एकाच वंशाचे असल्याचा निष्कर्ष मांडला. सांगाड्यावरून वय, आजार, बालपणीची उपासमारही ओळखता येते. जात ओळखता येत नाही. उपासमार मात्र अनेकदा जातीनेच वाटून दिली. म्हणूनच वसतिगृहातील एका पंक्तीचे पोटभर जेवण हाही समतेचाच धडा आहे.