उभ्या गाडीचा धूर: "दादा, इंजिन बंद करा"



या महिन्याच्या बैठकीत वाचायचा पाठ धुराबद्दल आहे. पण चुलीच्या नाही, उभ्या राहिलेल्या मोठ्या गाडीच्या धुराबद्दल.

मालवणच्या जेटीवर पर्यटकांची बस येते. माणसं होडीत बसून सिंधुदुर्ग किल्ल्यावर जातात आणि बस एसी चालू ठेवून घुरघुरत उभी राहते. बंदरावर मासळी भरायला ट्रक लागतो, शेवटचा क्रेट चढेपर्यंत त्याचं इंजिन चालूच. चिऱ्याच्या खाणीवर, रेती भरायच्या जागी डंपर रांगेत उभे, तेही तसेच. गाडी जागची हलत नाही, पण डिझेल जळत असतं.

हा धूर जातो कुणाच्या छातीत? बसमधली माणसं तासाभराने निघून जातात. तिथे दिवसभर असते कोकम सरबत विकणारी ताई, मासळी घेऊन बसलेली मावशी, शाळेच्या दारात मुलाची वाट बघणारी आई. म्हणून हा विषय आपला आहे.

धुरात काय असतं?

डिझेलच्या धुरात काजळीचे फार बारीक कण असतात. आपल्या केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाहूनही बारीक. नाकातले केस त्यांना अडवू शकत नाहीत, ते थेट फुफ्फुसात खोल जातात. त्यासोबत नायट्रोजनचे वायूही असतात, त्यामुळे दमा असलेल्याला जास्त त्रास होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलचा धूर कर्करोगाला कारण ठरतो असं जाहीर केलं. लहान मुलं वजनाच्या मानाने जास्त हवा आत घेतात, आणि त्यांचं नाकही सायलेन्सरच्या उंचीला जवळ. गरोदर बाईनेही या धुरापासून लांबच राहावं.

एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-६ गाड्यांचा धूर कमी असतो. पण रस्त्यावर जुन्या गाड्याही भरपूर आहेत. आणि धूर काळा दिसला नाही म्हणजे तो नाहीच, असं समजू नका.

आता हिशेब मांडू

समूहाचं वहीखातं लिहिणाऱ्या बायकांना हे सोपं आहे. मोठ्या ट्रकचं इंजिन नुसतं चालू ठेवलं तर तासाला साधारण २ ते ३ लिटर डिझेल जातं. आपण कमीच धरू, २ लिटर. दर लिटरला ९० रुपये धरू.

रोज १ तास × २ लिटर × ९० रुपये = १८० रुपये.
महिन्याचे २५ दिवस = ४,५०० रुपये.

एवढे पैसे एका गाडीचे, तेही एका जागी उभं राहून. १ लिटर डिझेल जळलं की अडीच किलोपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, तो वेगळाच.

ड्रायव्हर काय म्हणतात आणि खरं काय

*"बंद करून परत चालू केली की जास्त डिझेल जातं."* नाही. चालू करायला लागणारं डिझेल काही सेकंद उभं राहण्याइतकंच असतं. दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त थांबायचं असेल तर बंद केलेलीच बरी.

*"टर्बो खराब होतो."* यात थोडं खरं आहे. घाट चढून आलेली गाडी एक-दोन मिनिटं चालू ठेवून मग बंद करावी. अर्धा तास नव्हे.

*"मासळी खराब होईल."* बर्फात भरलेल्या मासळीला इंजिन लागत नाही. ज्या गाडीची थंड करायची यंत्रणा इंजिनवर चालते, तिला मात्र सूट द्यायला हवी.

*"मे महिन्यात गाडीत बसवत नाही."* हे अगदी खरं. म्हणून नुसतं "बंद करा" म्हणू नका. सावलीत बसायला जागा द्या, पाणी द्या.

इंजिन बंद ठेवून फायदा होतो, हे कोकणाने आधीच बघितलंय. कोकण रेल्वेने २६ जानेवारी १९९९ पासून कोलाड ते वेर्णा भरलेले ट्रक रेल्वेवर चढवून न्यायला सुरुवात केली. तेवढ्या प्रवासात ट्रकचं डिझेल जळत नाही. दिल्लीत ऑक्टोबर २०२० मध्ये लाल सिग्नलला इंजिन बंद करण्याची मोहीम निघाली. न्यूयॉर्क शहरात तर ३ मिनिटांची मर्यादाच आहे, शाळेजवळ १ मिनिट.

आपल्याकडेही मोटार वाहन कायदा १९८८, कलम १२६ आहे. सार्वजनिक जागी गाडी उभी असताना सीटवर लायसन्स असलेला चालक नसेल, तर इंजिन बंद आणि ब्रेक लावलेला असला पाहिजे. म्हणजे इंजिन चालू ठेवून चहाला जाणं कायद्यात बसत नाही.

आपण काय करायचं?

१. सुरुवात आपल्यापासून. सहलीची बस, मालाचा टेम्पो, घराच्या कामाचे चिरे आपण मागवतो. भाडं ठरवतानाच सांगा, "थांबाल तेव्हा इंजिन बंद."

२. आठवडाभर वहीत नोंद करा: जागा, वेळ, किती गाड्या, किती मिनिटं. गाडी नंबर किंवा कुणाचं नाव नको. भांडण नाही, माहिती हवी.

३. गोड बोला. "दादानु, वायच इंजिन बंद करश्यात? पोरां खोकतत." वरचा हिशेबही सांगा. बोलताना गाडीच्या मागे उभ्या राहू नका, ड्रायव्हरला दिसाल अशा बाजूला थांबा.

४. ती नोंद घेऊन महिला ग्रामसभेत ठराव मांडा: शाळा, अंगणवाडी, बाजार आणि जेटीजवळ "इंजिन बंद ठेवा" असा फलक लावावा. मालवण शहरातल्या जागेसाठी नगरपरिषदेला, एसटीसाठी आगार व्यवस्थापकांना ग्रामसंघाच्या लेटरहेडवर पत्र द्या आणि पोच घ्या.

बैठकीत चर्चेसाठी

• आपल्या गावात गाड्या चालू ठेवून कुठे उभ्या असतात? तिथे जास्त वेळ कोण असतं?
• आपल्या घरात कोण गाडी चालवतं? त्याच्याशी हा हिशेब कोण बोलेल?
• पुढच्या महिला ग्रामसभेत ठराव कोण मांडणार, अनुमोदन कोण देणार?

शेवटच्या प्रश्नाची दोन्ही नावं आजच इतिवृत्तात लिहा. नाव लिहिलं की काम पुढे सरकतं, हे आपल्याला कर्जाच्या हप्त्यांवरून माहीत आहेच.