मुलाखतीत मुलगी कोणाकडे असते हे विचारलं तर

रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. आयर्लंडच्या लिमरिकमधल्या मराठी डॉक्टरांना ते ठाऊक आहे आणि बाकीच्यांना नावाचं काय करायचंय!

2020 चा कायदा येईपर्यंत भारतातल्या इंटर्नशिपवर इथे ट्रेनी म्हणून नोंदणीच होत नसे. आधीच्या कित्येकांनी नॉन-ट्रेनिंग एसएचओच्या (सीनियर हाउस ऑफिसरच्या) जागेवर नुसत्या नाइट काढल्या. दार उघडल्यावर आम्ही ट्रेनिंगच्या मुलाखतीपर्यंत पोचलो.

सेप्सिसचा पेशंट, चुकलेला डोस, ऑडिट, सगळं विचारून झालं. प्रोफेशनॅलिझम म्हणजे काय, हेसुद्धा! मग हे विचारणारे पॅनेलवरचे तेच गृहस्थ हसत म्हणाले, "मिस्टर पुण्यात, मग मुलगी कोणाकडे? झेपेल ना सगळं?" शेजारच्या बाई कागदात बघत राहिल्या. माझ्याआधी आत गेलेला सहकारी दोन मुलांचा बाप आहे. त्याला असलं काही विचारलं नाही, मी खोदून खोदून खात्री केली.

निवड यादीत नाव नव्हतं म्हणून गुण आणि नोट्स मागवल्या. क्लिनिकलमध्ये उत्तम गुण. 'बांधिलकी'च्या रकान्यात घसरण आणि पुढे दोनच शब्द: कुटुंब भारतात. ते वाचताना कान तापले. आपल्याकडे नीट-पीजीच्या शंभर भानगडी असतील, पण सीईटी सेलच्या यादीला निदान कोणाची पोरंबाळं दिसत नाहीत.

तुमच्यावर ही वेळ आली तर बाहेर पडल्या पडल्या प्रश्न शब्दशः लिहून काढा, कोणी विचारला तेही. मुलाखतीच्या नोट्स जीडीपीआर या डेटा संरक्षण कायद्याखाली मागा. एका महिन्यात उत्तर द्यावं लागतं. 1998 च्या रोजगार समानता कायद्यात लिंग आणि कौटुंबिक स्थिती दोन्ही येतात. वर्कप्लेस रिलेशन्स कमिशनकडे तक्रारीची मुदत साधारण सहा महिने. रुग्णालयातलं अपील आधी संपू दे, असं एचआर गोड बोलून सांगेल. तेवढ्यात मुदत निघून जाते. बाकी तयारी नीट करा, झोप घ्या, आवाज चढवू नका. मी नव्हता चढवला, काय मिळालं?

आणि रेफरन्स तक्रारीच्या आधीच घेऊन ठेवा, पॅनेलवर नसलेल्या कन्सल्टंटकडून, लेखी. नंतर सगळेच रजेवर असतात.