संदर्भसाधनांचा शोध आणि त्यांची नोंद

प्रकल्पलेखनासाठी आपण ‘लोकहितवादींचे स्त्रीविषयक विचार’ हा विषय निवडला आहे, असे समजू. पुष्कळदा विद्यार्थी एखादा वाङ्मयेतिहास उघडतो, त्यातील दोन परिच्छेद टिपून घेतो आणि संदर्भसूचीत मात्र ‘शतपत्रे’ असे लिहितो. ही नोंद खरी नव्हे. गोपाळ हरि देशमुखांची पत्रे हे या विषयाचे प्राथमिक साधन. वाङ्मयेतिहासकाराचे विवेचन हे दुय्यम साधन. हा भेद केवळ नावापुरता नाही. पत्रे शंभराहून अधिक आहेत आणि इतिहासकाराने त्यांतून आपल्या मुद्द्यास उपयुक्त तेवढीच वाक्ये निवडलेली असतात. उरलेल्या पत्रांत त्या मताला छेद देणारे काही आहे काय, हे मूळ पत्रे वाचल्याखेरीज कळत नाही. आणि अभ्यासकाला स्वतःचे असे काही म्हणावयाचे असेल, तर ते बहुधा तेथेच सापडते.

ही पत्रे १८४८ ते १८५० या काळात भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात प्रसिद्ध झाली. आपल्या हाती येतो तो पुढे संपादित झालेला ग्रंथ. तेव्हा नोंदही त्या ग्रंथाचीच, म्हणजे लेखक, ग्रंथनाम, संपादक, प्रकाशक, स्थळ, वर्ष आणि पृष्ठ, अशी करावी. ‘प्रभाकर, १८४८’ एवढेच लिहिणे म्हणजे तो अंक स्वतः पाहिल्याचा दावा करणे होय. मूळ ग्रंथ मिळालाच नाही आणि अवतरण दुसऱ्याच्या पुस्तकातून घेतले, तर ‘उद्धृत’ हा शब्द घालून त्या पुस्तकाची नोंद द्यावी. यात कमीपणा काहीच नाही.

ग्रंथांचा शोध कोठून सुरू करावा? जुन्या मुद्रित ग्रंथांसाठी शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ अद्याप अपरिहार्य आहे. तिच्या दोन भागांत १८०० ते १९५० या काळातील ग्रंथांच्या नोंदी आहेत. अलीकडच्या ग्रंथांसाठी विषयावरील एखाद्या चांगल्या पुस्तकाची संदर्भसूची पाहावी. तालुक्याच्या ग्रंथालयात पुस्तक थोडेच दिवस मिळते. म्हणून टिपण करतानाच पृष्ठक्रमांक आणि आवृत्ती लिहून ठेवावी.

आवृत्तीचा प्रश्न संतवाङ्मयात विशेष बिकट होतो. ‘तुकाराम गाथा, अभंग क्रमांक अमुक’ ही नोंद अपुरी आहे. विष्णुबुवा जोगांची सार्थ गाथा आणि १९५० साली मुंबई सरकारने प्रसिद्ध केलेली गाथा यांत एकाच अभंगाचा क्रमांक निराळा असू शकतो, क्वचित पाठही. आपला संपूर्ण युक्तिवाद एखाद्या शब्दावर उभा असेल आणि वाचकाच्या प्रतीत तो शब्दच नसेल, तर त्याने काय करावे? (भ्रमणध्वनीवर ‘तुका म्हणे’ या नाममुद्रेसह जे फिरते, त्याची गोष्टच वेगळी. ते गाथेत आढळल्याशिवाय प्रकल्पात घेऊ नये.)

स्वाध्याय : तुकोबांचा आपल्या परिचयाचा कोणताही एक अभंग गाथेच्या दोन भिन्न आवृत्त्यांत शोधा. त्याचे क्रमांक व पाठभेद टिपा आणि दोन्हींच्या पूर्ण संदर्भनोंदी लिहा.