दोरा फक्त ओढतो

होस्टेलच्या कुठल्याही खोलीत दोन वस्तू हमखास सापडतात. कॉटखाली गेलेला एक टेनिस बॉल आणि गादी बांधून आणलेली सुतळी. एवढ्या भांडवलावर फर्स्ट इयरचं बरंचसं मेकॅनिक्स होऊन जातं, असं आमचं प्रामाणिक मत आहे. पटत नसेल तर पुढे वाचा. पटत असेल तर आधी बॉल बाहेर काढा!

सुरुवात मोजमापापासून. बॉलचा व्यास किती? व्हर्नियर लॅबमध्ये कुलपात, म्हणून दोरा गुंडाळायचा, परीघ मोजायचा आणि 3.14 ने भागायचं. शाळेतलंच गणित, पण त्यात एक गंमत आहे. पुरुषांच्या क्रिकेटमध्ये नव्या चेंडूचा परीघ 22.4 ते 22.9 सेंटिमीटर असावा लागतो, म्हणजे सूट जेमतेम 5 मिलिमीटरची. आता 2 मिलिमीटर जाडीच्या सुतळीने मोजा. सुतळीची मधली रेषा चेंडूच्या पृष्ठभागापासून 1 मिलिमीटर बाहेर असते. त्या वर्तुळाचा व्यास 2 मिलिमीटरने जास्त, म्हणून परीघ 6.28 मिलिमीटरने जास्त. नियमातला लहानात लहान चेंडूसुद्धा 23 सेंटिमीटरच्या वर भरणार. म्हणजे सुतळीवाल्या अंपायरकडे नियमात बसणारा एकही चेंडू पास होणार नाही! शिवणकामाचा बारीक दोरा घ्या, आणि दोऱ्याची जाडी व्यासातून वजा करा.

ही 6.28 ची चूक चेंडूच्या आकारावर अवलंबून नाही बरं का. पृथ्वीला सुतळी गुंडाळली तरी तेवढीच. परीघ व्यासाच्या पटीत वाढतो, त्यामुळे आधीचा व्यास किती होता याला महत्त्वच राहत नाही.

कुणी म्हणेल, दहा फेरे गुंडाळा आणि दहाने भागा. सळईवर ही युक्ती छान चालते. बॉलवर मात्र मधल्या फेऱ्याच्या शेजारचा प्रत्येक फेरा लहान पडतो. त्यापेक्षा एकच फेरा तीन-चार वेळा घ्या, दोरा ताणलेला ठेवा आणि सर्वांत मोठं माप धरा; कारण दोरा मधून घसरला की माप कमीच येतं.

आता बॉल दोऱ्याला बांधून डोक्यावर फिरवा (कॉरिडॉरमध्ये नको, ट्यूबलाइटचे पैसे डिपॉझिटमधून जातात). कितीही जोरात फिरवला तरी दोरा पूर्ण आडवा होतो का? नाही. बॉलचं वजन खाली ओढतंय, त्याला तोलणारं बल दोऱ्यातूनच यायला हवं, आणि दोरा फक्त स्वतःच्या दिशेनेच ओढू शकतो. म्हणून तो थोडा तरी कललेला राहतोच. सेकंदाला दोन फेरे असतील तर बॉल हाताच्या पातळीखाली साधारण 6.2 सेंटिमीटर राहतो. वेग दुप्पट केला की हे अंतर चौथाई होतं, शून्य कधीच होत नाही. विशेष म्हणजे या हिशोबात दोऱ्याची लांबीही येत नाही आणि बॉलचं वजनही येत नाही. दोरा 1 मीटरचा आणि बॉल 58 ग्रॅमचा धरला, तर ताण मात्र 9 न्यूटनच्या वर जातो, म्हणजे बॉलच्या वजनाच्या सोळा पट.

“पण सर, हाताला तर बाहेर ओढल्यासारखं वाटतं!” बरोबर आहे, ती ओढ हातावर आहे. दोरा हाताला बाहेर ओढतो आणि बॉलला आत. बॉलवर बाहेरच्या दिशेचं सेंट्रिफ्युगल बल बॉलसोबत फिरणाऱ्याने लिहावं, जमिनीवर उभं राहून फ्री बॉडी डायग्राम काढणाऱ्याने नाही. व्हायवात इथेच विकेट पडते.

दोरा तुटला तर? आत ओढणारं कोणी उरलं नाही, म्हणून बॉल स्पर्शिकेच्या दिशेने निघतो, केंद्रापासून सरळ बाहेर नाही. गोफण चालवणाऱ्याला हे पुस्तकाशिवाय कळतं. ज्वारीच्या शेतात माळ्यावर उभा राहून पाखरं हाकणारा गडी दगड पाखरांच्या समोर आल्यावर दोरी सोडत नाही. दगड अजून बाजूला असतानाच सोडतो, कारण त्या क्षणी त्याची धाव पाखरांकडे असते.

शेवटी उभं वर्तुळ. “सर्वांत वरच्या बिंदूला वेग शून्य” असं पेपरात लिहिणारे दरवर्षी भेटतात. बॉल सळईला जोडला असेल तर ते चालेल, कारण सळई ढकलूही शकते. दोरा ढकलत नाही. वर पोहोचायच्या आधीच तो सैल पडेल आणि बॉल वर्तुळ सोडून खाली येईल. 1 मीटर दोऱ्यासाठी वरच्या बिंदूला किमान 3.13 मीटर प्रतिसेकंद वेग हवाच. हात स्थिर ठेवला तर तोच बॉल खाली येईपर्यंत वेग 7 होतो आणि तिथे ताण वजनाच्या सहापट भरतो. वर तो शून्य होता! म्हणून जुना दोरा बहुतेक वेळा खालच्या बिंदूजवळ तुटतो, आणि बॉल जमिनीला समांतर सुटतो. बघणाऱ्यांनी फिरवणाऱ्याच्या समोर किंवा मागे थांबू नये, वर्तुळाच्या पातळीपासून दूर, बाजूला उभं राहावं. आणि बॉलच्या जागी वर्कशॉपमधला पाना बांधायची कल्पना कुणाला सुचलीच, तर सोळा पट आणि सहापट हे दोन आकडे आधी पान्याच्या वजनाला लावून बघा.