गाभडलेल्या जनावराचं काय करायचं?

श्रावण ते कार्तिक हा म्हशी विण्याचा मुख्य हंगाम. त्यामुळे आषाढात बऱ्याच गोठ्यांत म्हशी सात-आठ महिन्यांच्या गाभण असतात, आणि गाभ टाकल्याच्या तक्रारीही याच सुमारास कानावर येतात. पाय घसरला, शेजारणीने ढुशी मारली, नजर लागली. कारणं तयारच असतात. एखादी खरंच घसरतेही. पण पाचव्या-सहाव्या महिन्यानंतर गाभ पडला आणि वरून वार अडकली, तर तपासणी होईपर्यंत ब्रुसेलोसिस, म्हणजे सांसर्गिक गर्भपात, आहे असं धरूनच चालावं. गाईंनाही हेच लागू.

जंतूंचा मोठा साठा पडलेल्या गर्भात, वारेत आणि गर्भजलात असतो. वार पोत्यात बांधून वडाला टांगायची रीत अजून काही गावांत आहे. पोतं गळतं, खाली कुत्री टपलेली असतात आणि ती तुकडा ओढत थेट चाऱ्यापर्यंत आणतात. ही रीत सोडायलाच हवी. गर्भ, वार आणि भिजलेलं गवत चार-पाच फूट खड्ड्यात चुना टाकून पुरा. जागा ब्लीचिंग किंवा फिनाईलने धुवा. अडकलेली वार उघड्या हाताने ओढू नका. हा रोग माणसालाही होतो: उतरून पुन्हा चढणारा ताप, सांधे आणि कंबर धरणं, पुरुषांत वृषणाला सूज. घरात असा ताप रेंगाळला तर डॉक्टरांना गोठ्याची हकिगत आवर्जून सांगा. धारोष्ण दूध बंद, उकळलेलंच प्या.

गाभडलेलं जनावर स्राव थांबेपर्यंत वेगळं बांधा, त्याचं काम शेवटी करा आणि पशुवैद्यकांकडून रक्त तपासून घ्या. लगेच केलेली तपासणी कधी कधी निर्दोष येते, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा करा. जनावरांत यावर भरवशाचा उपचार नाही. पुढच्या खेपेला ते पुरे दिवस भरून वितंही, दिसायला ठणठणीत असतं, पण विताना जंतू टाकतच राहतं. मग मालक त्याला बाजार दाखवून मोकळा होतो आणि रोग दुसऱ्याच्या दावणीला जातो. विकत घेणाऱ्याने म्हणूनच दाताआधी रक्त बघावं आणि नवं जनावर महिनाभर वेगळं ठेवावं. गावचा रेडा किंवा वळू दाखवण्यापेक्षा कृत्रिम रेतन बरं.

खरा आधार लसीचा. 4 ते 8 महिन्यांच्या कालवडी-पारड्यांना ही लस आयुष्यात एकदाच देतात. 2019 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात ती मोफत मिळते. नरांना आणि गाभण जनावरांना ती देत नाहीत. लस जिवंत जंतूंची असल्याने ती पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या माणसांनीच टोचावी; बाटली हाताळायचा हौशीपणा नको. सप्टेंबरात जन्मलेल्या पारडीची मुदत जानेवारीत सुरू होते आणि मेमध्ये संपते. म्हैस व्यायली की कॅलेंडरवर त्या दोन्ही तारखांना खूण करून ठेवा.