आधी काम बघा, मग मशीन

भाईंदर ते अंधेरी लोकल आणि पुढे सीप्झची बस, असा प्रवास करत मी अठरा वर्षं मेनफ्रेमवर कोबोल लिहिलं. आता भाईंदरमधल्याच स्टीलच्या कारखानदारांना सर्व्हर निवडायला मदत करतो. दोन्हीकडे शिकलो ते असं.

१. काम तासभर थांबलं तर काय होईल, हे आधी विचारा. बँकेची रात्रीची बॅच अडली तर सकाळी काउंटरवर रांगा लागतात. भांड्यांच्या कारखान्यात बिलं हाताने फाडता येतात. तिथे दोन साधे सर्व्हर पुरतात, एक चालता आणि एक राखीव.

२. मोठं काम म्हणजे मेनफ्रेमच, असं धरून चालू नका. स्टेट बँकेचं कोअर बँकिंग युनिक्स सर्व्हरवर उभं राहिलं.

३. जुनं झालं म्हणून मोडीत काढू नका. आयबीएमने १९६४ साली जाहीर केलेल्या सिस्टिम/३६० साठी लिहिलेले कितीतरी प्रोग्रॅम आजच्या मेनफ्रेमवरही चालतात. सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम बदलली की सॉफ्टवेअर पुन्हा तपासावं लागतं. तो खर्चही हिशेबात धरा.

४. बिल कशावर लागतं ते समजून घ्या. मेनफ्रेमच्या बऱ्याच सॉफ्टवेअरचं बिल महिन्यातल्या सर्वाधिक वापरावर लागतं, आणि तो वापर चार-चार तासांच्या सरासरीने मोजतात. गर्दीच्या वेळेचे अहवाल रात्री लावले तरी बिल उतरू शकतं. मशीन बदलण्याआधी वेळापत्रक बदलून बघा.

५. जुनं आणि नवं काही दिवस शेजारी शेजारी चालवा. मेनफ्रेमच्या एब्सिडिक संकेतात क्रम लावताना अक्षरं आधी येतात, आकडे नंतर. सर्व्हरच्या आस्कीत याच्या उलट. एका ग्राहकाचं काम आम्ही सर्व्हरवर नेलं, तेव्हा प्रोग्रॅम बिनचूक कंपाइल झाला. पण 'ए१०२' आणि '१०२ए' या खात्यांची जागा बदलली आणि दोन फायलींची जुळणी बिघडली. कारण सापडेपर्यंत तीन रात्री गेल्या. तेव्हापासून एक महिनाअखेर दोन्हीकडे जुळल्याशिवाय मी जुनं बंद करू देत नाही.

६. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. भाईंदर पूर्वेच्या एका ओळखीच्या गाळ्यात सर्व्हर जमिनीवर होता आणि बॅकअपची टेप त्याच टेबलाच्या खणात. पाणी ओसरल्यावर दोन्हींतून चिखल निघाला. मालकाच्या घरी, तिसऱ्या मजल्यावर, रोजमेळाच्या वह्या होत्या. त्यांवरून आम्ही वर्षाचा हिशेब पुन्हा उभा केला. मशीन कुठलंही घ्या, दुसरी प्रत दुसऱ्या छपराखाली ठेवा.